‘दीपगृहाची पलटण’चे दुसरे परीक्षण

“हॅलो? … हं, बोल. … नाही, आधी तू बोल. मी सुरू झाले तर थांबायची नाही.”

ज्या फोनची वाट पाहत ती गेली वीस मिनिटे खुर्चीच्या कडेवर बसली होती, तो अखेर आला होता. समोरच्या पडद्यावर रविवारच्या पुरवणीचे पान उघडे होते. पानावर तिने लिहिलेले ‘दीपगृहाची पलटण’ या खेळाचे परीक्षण होते, खाली तिचे नावही होते. नव्हता तो फक्त पहिला परिच्छेद. फोन पुरवणीच्या संपादिकेचा. दोघी महाविद्यालयात एका बाकावर बसलेल्या. एक पुढे पुरवणी चालवू लागली. दुसरी पोटापाण्यासाठी धुलाईयंत्रांच्या आणि मिक्सरांच्या माहितीपुस्तिका लिहीत होती, आणि गेली चौदा वर्षे त्याच पुरवणीत व्हिडिओ गेमची परीक्षणेही.

“जागा नव्हती? … अगं, जागा नव्हती म्हणजे काय? वरती केवढं ते चित्र लावलंयस! तो तलवारवाला. … देखणा आहे, मान्य. पण तो आपल्या पलटणीतला नाहीच मुळी! शत्रूचा सरदार आहे तो. … मग मला विचारायचंस ना! … हो, हो… अगं ऐक ना. चित्र राहू दे. देखणा आहे, राहू दे. माझा परिच्छेद कुठाय?”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाच वाजून पाच मिनिटे. साडेपाचला पान छपाईला जाणार, आणि एकदा गेले की देवालाही परत आणता येणार नाही, हे संपादिका दर आठवड्याला ऐकवत असे.

“काय? … बुद्धिबळासारखा? … बाई, हे तू आज विचारतेयस? पान लावून झाल्यावर? … हो, थोडासा तसाच. पट असतो, चौकोन असतात. आपण चाल करायची, मग त्यांनी करायची. पण बुद्धिबळातल्या घोड्याला आई नसते. इथे प्रत्येकाला घर आहे, प्रत्येकाचं काहीतरी रडगाणं आहे. एक आचारी आहे, त्याला भाला धरता येत नाही. एक कारकून आहे, तो लढाईतसुद्धा हजेरी घेतो. … अगं, जपानी लोक करतात असे खेळ. निवांत. विचार करायला लावणारे. … म्हणूनच खपला नाही, बरोबर. म्हणूनच आणि आपल्यामुळे. … ‘आपल्यामुळे’च म्हणाले मी.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावणे चालले. ती फोन कानापासून चार बोटे दूर धरून ऐकत राहिली, आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचा चहाचा कप उगाच गोल फिरवत राहिली.

“झालं तुझं? … नाही, मी चिडलेली नाहीये. … बरं, चिडलेय. तू म्हणतेस, माफीनाम्याने कुणी परीक्षण सुरू करत नाही. मला सांग, मग कशाने सुरू करू? बारा वर्षांपूर्वी आपल्याच पुरवणीत, आपल्याच पानावर, माझ्याच नावाने छापून आलं की हा खेळ अन्यायी आहे, रडका आहे, याच्या वाटेला जाऊ नका. दहापैकी चार. आता तो खेळ नव्याने विक्रीला आलाय, आणि मी लिहायचं की वा, काय सुंदर खेळ! आणि ते आधीचं? ते कुणी लिहिलं, माझ्या भुताने? … कोण विसरलंय? लोक? अगं, आत्ता संगणकावर खेळाचं नाव टाकून बघ. पहिलं आपलं परीक्षण येतं. आपल्या भाषेत दुसरं आहेच कुठलं! … टाक ना. मी थांबते. … आलं? … चार दिसतोय? … केवढ्या अक्षरात दिसतोय तेही बघ.”

शेजारच्या खोलीतून रणशिंग वाजल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ घोड्यांच्या टापा.

“बाबा, आवाज कमी करा, फोनवर आहे मी! … तुला नाही गं. बाबा खेळतायत. … तेच खेळतायत, दुसरं काय! गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून पलंगावर आहेत, वर्तमानपत्र पुरत नाही, म्हणून हातात दिला तर आता माझ्या हाती येत नाही. … बाबा, ती औषधवाली मागे ठेवा! … हो, मागे! पुलावर नको! … बोल. … काय म्हणालीस? बाबांचं काय काढायचं? … का म्हणून?”

तिचे वडील अग्निशामक दलातून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षे त्यांनी इतर लोक ज्या दारातून बाहेर धावत त्याच दारातून आत शिरण्याचे काम केले होते. घरी मात्र ते इतके सावध की पाहुण्यांकडे गेल्यावरही खुर्ची दाराजवळची निवडत. कापलेल्या परिच्छेदात त्यांचा उल्लेख होता, आणि संपादिकेला तो घरगुती वाटला होता.

“घरगुती? … ऐक. नाही, आता तू ऐक. तिसऱ्या प्रकरणात एक पूल आहे. आपले अकरा जण आणि समोरून दर चालीला नवे घोडेस्वार. संपतच नाहीत. बारा वर्षांपूर्वी मी ती लढाई सतरा वेळा लढले. सतरा! प्रत्येक वेळी सगळे मेले. मग मी ठरवलं की खेळच अन्यायी आहे, आणि लिहून टाकलं. … हो. आता बाबांनी काय केलं? मागच्या महिन्यात पहिल्यांदा त्या पुलावर पोचले, दोन चाली बघितल्या, यादीत सगळ्यात खाली ‘माघार’ म्हणून एक बटण आहे, ते दाबलं. मी किंचाळले. म्हटलं, बाबा, हरलात! तर चष्म्यावरून बघत म्हणतात, ‘अकरा आत गेले होते, अकरा बाहेर आले. हरलो कुठे?’ … ”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“… नाही, नाही, खेळ संपला नाही. तेच तर! खेळ तिथे सुरू झाला. पूल सोडला की नदीकाठची वाट उघडते, ती मी कधी पाहिलीच नव्हती. छावणीत माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. आचारी कारकुनाला सांगतो की आज तुझ्या वहीत एकही नाव खोडावं लागलं नाही. अख्खा खेळ त्या बटणावर उभा आहे गं! कुठे टिकायचं आणि कुठून निघायचं, एवढंच शिकवतो तो, एकवीस प्रकरणं. आणि आमच्यासारखे पट्टीचे खेळणारे ते बटण दाबतच नाहीत. कारण डावपेचांच्या खेळात माघार म्हणजे हार, हे आमच्या हाडात बसलंय. बटण दिसत होतं मला. सतरा वेळा दिसलं. … माहितीपुस्तिकेत? होतं की! पान एकोणीस. … हस. हस खुशाल. लोक माझ्या पुस्तिका वाचत नाहीत म्हणून मी तुझ्याकडे रडते ना, तर मीही वाचली नव्हती. झालं समाधान?”

संपादिकेला हसू आवरायला वेळ लागला असावा, कारण तेवढ्या वेळात इकडे हिने चहाचा थंड घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि कप दूर सारला. पाच वाजून तेरा मिनिटे.

“हं, आता मुद्द्यावर. … मोठे साहेब काय म्हणतील? … म्हणजे अजून म्हणालेले नाहीत! तूच आधी घाबरतेयस. … ‘मग बाकीच्या परीक्षणांवर कोण विश्वास ठेवेल’? अगं, नको ठेवू देत! … हो, सदर बंद होऊ शकतं. … कळतंय मला. … चौदा वर्षं मीच लिहितेय ना, मला नाही का कळत? पण तो चौकातला खेळांचा दुकानदार आठवतो तुला? चष्मेवाला? त्याने मोठ्या हौसेने त्या खेळाच्या पाच प्रती मागवल्या होत्या. माझं परीक्षण आलं, त्याने कात्रण काचेवर लावलं आणि पाचही परत पाठवल्या. मला अभिमानाने दाखवलंन ते कात्रण. म्हणाला, ‘तुम्ही वाचवलंत, ताई.’ आणि मी काय केलं? हसले. … हो, हसले. छान वाटलं होतं.”

ती उठून खिडकीशी गेली. खाली कुणीतरी दुचाकी सुरू करण्याचा प्रयत्न करत होते. ती सुरू होत नव्हती, आणि तो माणूस न थकता लाथ मारत होता.

“… नाही गं, नोकरीबिकरी गेली असेल असं काही मी म्हणत नाहीये. ज्यांनी खेळ केला त्यांना आपली पुरवणी माहीतही नसेल. म्हणून काय झालं? … तळटीप? नको. तळटीप कोण वाचतं? तू वाचतेस? … संकेतस्थळावरचं जुनं परीक्षण काढून टाकायचं? … गुपचूप? … वा! म्हणजे मी कधी चुकलेच नाही! … अगं, पण चार गुण दिलेत ना आपण, ते काय हवेतून— … काय? … काय म्हणालीस? … परत बोल.”

दुचाकी सुरू झाली आणि निघून गेली. ती खिडकीच्या गजाला धरून तशीच उभी राहिली.

“… तू? … मला वाटलं, मोठ्या साहेबांनी घातला तो आकडा. … मी गुणांची चौकट रिकामी पाठवली होती, आठवतंय मला. सोबत चिठ्ठीही होती, तिसऱ्याच प्रकरणात आहे, पुढचं खेळून गुण कळवते म्हणून. … मिळाली होती तुला? … अच्छा. … अच्छा. … आणि चौकट रिकामी ठेवता येत नाही म्हणून चार. … सहा का नाही? … ‘मजकूर चारचा वाटला.’ … हं. … नाही, बोल ना. ऐकतेय.”

बारा वर्षांपूर्वी संपादिका त्याच कार्यालयात सर्वांत नवी उपसंपादक होती, आणि तिला पान वेळेवर सोडायचे होते. ती ते सांगत होती की रडत होती, हे फोनवरून नीट कळत नव्हते.

“अगं… अगं ए. थांब. रडू नकोस, तिथे सगळे बघत असतील. … जिन्यात आलीस? बरं केलंस. … ऐक, मजकूर चारचाच होता. ‘अन्यायी’ हा शब्द तू नाही घातलास, मी घातला. आणि मी ‘पुढचं खेळून कळवते’ म्हटलं होतं, ते कळवलं का? नाही. छापून आलं, लोकांनी वा वा केलं, मी तो खेळ कपाटात टाकला. … आणि म्हणून तुला तो परिच्छेद नको होता होय! जागा नव्हती म्हणे! … तोंड होतं ना, सरळ सांगायचंस! … मी काय खाल्लं असतं तुला? … बरं, खाल्लं असतं. पण मग सोडलंही असतं.”

पाच एकवीस. ती पुन्हा संगणकासमोर येऊन बसली. तिचा आवाज आता माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या बाईचा झाला होता.

“हे बघ, नऊ मिनिटं आहेत. पानापाशी जा परत. … बसलीस? गुणांची चौकट काढ. … हो, अख्खी. … सगळ्या परीक्षणांना असते, माहितीये. याला नाही. … साहेबांना मी सांगेन. … सहा ओळी मिळाल्या? अजून आठ हव्यात. … चित्र लहान नाही होत? … बरं, राहू दे तुझा देखणा. मग माझा शेवटचा परिच्छेद काढ. … सगळा. … अगं, ठाऊक आहे मला, सगळी स्तुती त्यातच आहे. ते संगीत, तो धुक्यातला किनारा, सगळं. तीन दिवस घासलाय मी तो परिच्छेद. काढ. … ज्याला आवडायचा त्याला खेळून आवडेल. आणि त्या जागी माझा पहिला परिच्छेद टाक. … हो, शेवटी. सुरुवातीला माफीनामा नको होता ना तुला? … बसला? … वाच.”

ती डोळे मिटून ऐकू लागली. ऐकताना तिचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. मध्येच ते थांबले.

“‘अनवधानाने’ कुठून आलं? … मी नव्हतं लिहिलं. … सौम्य नको करूस. अनवधानाने काही झालं नाही, मला कंटाळा आला होता. … हो, तसंच लिही. ‘मला कंटाळा आला होता.’ … बाबांचं वाक्य ठेवलंयस? … अकरा आत, अकरा बाहेर. बरोबर. … पुढे. … ‘आम्हाला खेद वाटतो’? काढ गं ते. खेद कुणाला हवाय? … मग शेवटी काय? शेवटी माहिती दे. लिही: या खेळाचं परीक्षण पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा मी एकवीसपैकी तीन प्रकरणं खेळले होते. … आणि काय? तुझं? … बघ बाई. तुझ्यावर आहे. मी सांगणार नाही. … ”

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

“… ‘आणि त्याचे गुण संपादन विभागात देण्यात आले.’ … ‘देण्यात आले’ म्हणजे? कुणी? … हं. … वेळ आहे अजून, तीन मिनिटं. … … हां. असं. ‘गुण मी दिले’, आणि खाली तुझं नाव. … नको, आता एक शब्दही वाढवू नकोस. बोचतंय ना? मलाही बोचतंय. सोड पान. … सोडलंस? … गेलं? … बरं. चल, ठेवते.”