बॉनेटवरचं कुंकू

नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत माझ्यापुढं दोघं उभे होते. एक टेंभुर्णीचा शेतकरी, दुसरे बियाण्याचे व्यापारी.

"काय कडूबा, गाडी घेतली म्हणे?"

"घेतली दीपचंदशेठ, जुनी. डीलरकडून. सकाळी चालूच व्हत न्हाई, चार जणांला धक्का मारावा लागतो. एकदा इंजिन गरम झालं, की मंग दिवसभर बराबर चालती."

"घेताना चालू करून पाहिली नाही?"

"पाह्यली ना. एका चावीत चालू झाली."

"म्हणजे त्यानं आधीच गरम करून ठेवली होती."

"आता कळून राह्यलं. डीलरकडंच पूजेच्या टायमाला माझी बायको दुर्गाबाई बॉनेटवर कुंकू लावायला गेली, तं बोट भाजलं. मी म्हनलं, उन्हानं तापली आसंल."

"उन्हात उभी होती का?"

"न्हाई ना. शेडात होती."

"तुम्ही येणार, हे त्याला कसं कळालं?"

"मीच फोन केल्ता, टेंभुर्णीहून निघालो म्हनून."

"मिस्त्रीला दाखवा मग."

"दाखवली. इंजिन खोलावं लागंल म्हनतो, खर्चा लई हाय. म्हनून इकून टाकतो. वडीगोद्रीचे एक जण बघायला येऊन राह्यले."

"त्यांला सांगितलं का, धक्का लागतो म्हणून?"

"थांबा शेठ, त्यांचाच फोन हाय. हां, बोला पाव्हणं! जालन्याहून निघालात का? या, या. घरी पोरगा हाय."

कडूबानं फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला.

"कल्याण, पाव्हणे निघाले. थोड्या टायमानं गाडी चालू करून ठेव. आन् हे बघ, शेडात नको. उन्हात उभी कर."