रास अल खैमातलं शेण

यात तिखटमीठ मी चमचाभरच घातलंय. दुबईजवळ रास अल खैमाला आमच्या दगडखाणीत पावसाचं पाणी भरलं आणि तळाशी उभं पोकलेन केबिनपर्यंत बुडालं. उपसायचा पंप पाणी धरेना, कारण पाईपाच्या तळाचा व्हॉल्व्ह गळत होता.

इंजिनिअर कुलकर्णी रडकुंडीला आले. "मशीन गेलं तर माझी नोकरी खलास!"

आमचा मालवणी पंपवाला सावंत शांतपणे म्हणाला, "गावाक आमी शेण कालवून पाईपात ओततो, साहेब. गळती बंद होता."

"इथे गाय कुठून आणू?"

सावंतने कुंपणाबाहेरच्या उंटांकडे बोट केलं.

टायवाले कुलकर्णी स्वतः बादली घेऊन धावले. सावंतने उंटांचं शेण कालवून पाईपात ओतलं, पंपाने पाणी धरलं, पोकलेन वाचलं.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिताना त्यांनी विचारलं, "सावंत, दुरुस्तीला काय वापरलं म्हणून लिहू?"

"लिवा, लोकल मटेरियल. स्टॉक भरपूर आसा."