सागरचा ताप

तुमचा साहेब रजा देत न्हाय म्हणून रडताय व्हय? मग आमच्या सरांचं ऐका की.

आमच्या लॅबमध्ये मेंदूवर संशोधन चालतं. अंगात आजार शिरला की रोगप्रतिकारशक्तीचे निरोप मेंदूपर्यंत जातात, तिथल्या पेशींच्या जोडण्या ढिल्या पडतात आणि आजारी उंदराच्या काही ध्यानात राहत न्हाय. सर गावोगाव हेच भाषण देत फिरतात.

तर आमच्या सागरला सणसणून ताप आला. त्यानं कळंब्यातल्या घरातनं फोन करून रजा मागितली. सर कडाडले, "ताप अंगाला हाय न्हवं? आपलं काम डोक्याचं हाय. गप ये!"

आला बिचारा मफलर गुंडाळून. दिवसभर त्यानं उंदरांना वाटा शोधायला लावल्या. संध्याकाळी आकडे बघून सर उडालेच. आजारी उंदरांना वाट तोंडपाठ, आणि ठणठणीत उंदरं चुकत होती! "आरं, सगळ्या जगाचं चुकलंय!" म्हणत त्यांनी पेढे मागवले.

पेढा खातखात मी पिंजऱ्यांकडं गेलो. 'निरोगी' अशी चिठ्ठी लावलेल्या पिंजऱ्यात उंदरं केस फुलवून, अंग आकसून बसलेली. सागरनं तापाच्या भरात चिठ्ठ्यांची अदलाबदल केलती.

सर लालबुंद झाले. सागर कण्हतच म्हणाला, "सर, तुमचंच म्हणणं सिद्ध झालं की. तापात डोकं चालत न्हाय."

सरांनी हातातला पेढा खाली ठेवला. आम्हाला वाटलं, आता तरी रजा देतील.

"एकट्यावर काय सिद्ध होतंय?" म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "तुला कधी येतोय ताप?"