तुळईवरचा खडू

(पिट्सबर्ग. टेकडीच्या उतारावरचं जुनं घर, त्याचं परसात उघडणारं तळघर. दुपार. ऐंशी ओलांडलेला वेंडेल आणि त्याची मुलगी टिल्का. थोड्या वेळाने शेजारून त्याची मेहुणी गिझेला.)

वेंडेल : "काळं खाली ठेव, लख्ख होऊन ये, वाफाळलं वाढलंय, हात धुऊन घे!" जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडायची तुझी आई. अख्खा उतार ऐकायचा. आधी कारखान्याचा भोंगा, पाठोपाठ हिचा. आणि मी इथे, या नळाखाली. अंगावरची काजळी त्या जाळीतून वाहून जाईपर्यंत वर पाय ठेवायची सोय नव्हती.

टिल्का : बाबा, बर्फ धरा कपाळावर. घसरतोय तो.

वेंडेल : तीस वर्षं मी या तळघरातून काळं बाहेर घालवलं. तू तीन दिवसांत आत आणलंस. आणि आणलंस ते थेट छताला फासलंस.

टिल्का : फासलं नाही, फवारलं. नाकातोंडाला फडकं बांधून, मान मोडेस्तोवर. आणि तुम्ही हो म्हणाला होतात. रंगांचं कार्ड समोर धरलं, तुम्ही त्यावर बोट ठेवलंत, "हा बरा आहे" म्हणालात. म्हणालात की नाही?

वेंडेल : म्हणालो असेन.

टिल्का : असेन नाही, म्हणालात! आणि माझ्याकडे बघून बोला. मी इथे उभी आहे, तुम्ही त्या भिंतीशी काय बोलताय?

वेंडेल : भिंत उलटून बोलत नाही.

टिल्का : वा. छान. चोपन्न वर्षं याच तुळईखालून येता-जाताय तुम्ही. झोपेतसुद्धा वाकाल. आज नेमकं काय झालं?

वेंडेल : तुळई खाली आली.

टिल्का : तुळई खाली येत नाही, बाबा.

वेंडेल : मग मी उंच झालो. या वयात होतात काही काही लोक.

टिल्का : मला हसवू नका, मी खरंच चिडलेय. रविवारी सिरिल येतोय. फिनिक्सहून विमानाने, मुद्दाम हे तळघर बघायला. तुमच्या लाडक्या लेकाचं म्हणणं ठाऊक आहे ना? म्हाताऱ्याला जिने झेपत नाहीत, घर विकू, त्यांना इकडे वाळवंटात आणू. मी म्हटलं, थांब. खाट खाली आणते, न्हाणी बांधते, आईची खालची चूल आहेच; परसातून सरळ आत, एक पायरी चढायला नको. त्याला पटलं तर तुम्ही इथे राहणार, नाही पटलं तर निवडुंगात. आणि तुम्ही त्याच्यासमोर कपाळावर हे एवढं टेंगूळ घेऊन बसणार!

वेंडेल : टोपी घालीन.

टिल्का : टोपी घालतील म्हणे.

वेंडेल : पण काळं कशाला, मला एवढंच सांग. माणसाच्या डोक्यावर पांढरं छत असतं. चर्चमध्ये तर निळं असतं, वर चांदण्या.

टिल्का : चौथ्यांदा सांगतेय. छताला फळ्या ठोकल्या असत्या तर चार बोटं उंची गेली असती. तुम्ही सहा फूट. म्हणून नळ, तारा, वासे, सगळं उघडंच ठेवून काळं करायचं. काळ्यात ते सगळं नाहीसं होतं. आता सगळीकडे असंच करतात.

वेंडेल : नाहीसं झालंय खरं. त्यात खोट नाही.

टिल्का : हे टोमण्यात घेऊ की कौतुकात?

वेंडेल : तुला हवं तसं घे. आणि त्या संडासाभोवती भिंत घालणार आहेस म्हणे?

टिल्का : अर्थात घालणार! तळघराच्या मध्यभागी, उघड्यावर, एकटाच संडास. सिंहासनासारखा!

वेंडेल : या उतारावर सगळ्यांकडे तसाच आहे. माझा बाप बसला, मी बसलो. कोणी लाजून मेलं नाही.

टिल्का : तुमचा शेजारी मिक्लोश खिडकीतून हात हलवायचा तुम्हाला!

वेंडेल : मीही हलवायचो. चांगला माणूस होता.

टिल्का : देवा, मला धीर दे. बरं, ऐका. सोफा या कोपऱ्यात, दिवा त्याच्या मागे, कपाट तिकडे. काही बोलायचं असेल तर आत्ता बोला. मग रविवारी सिरिलसमोर तोंड वाकडं करायचं नाही.

वेंडेल : एक पांढरा पट्टा मार.

टिल्का : काय?

वेंडेल : तुळईवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

टिल्का : काळ्या छतावर पांढरा पट्टा? कशाला, छतावरून रस्ता ओलांडायचाय?

वेंडेल : मला बरा वाटेल.

टिल्का : परवा म्हणालात सगळे दिवे लावून ठेव. काल म्हणालात दिवे डोळ्यावर येतात. सकाळी म्हणालात सोफा हलवू नकोस, होता तिथेच राहू दे. अहो, सोफा नवा आहे, तो कुठेच नव्हता! आता पट्टा. बाबा, तुम्हाला हे घर हवंय की नकोय? नको असेल तर तसं सांगा. मी ब्रश धुते आणि जाते.

वेंडेल : दार वाजलं. गिझेला आली.

टिल्का : तुम्हाला कसं कळलं? पाठ आहे तुमची दाराकडे.

वेंडेल : डावा बूट घासत चालते. चाळीस वर्षं.

गिझेला : आणि तुम्ही चाळीस वर्षं तेच ऐकवता, दाजी! टिल्के, हे भांडं घे गं, कढत आहे. कोबीत भात-खिमा गुंडाळलाय, खाली टोमॅटोचा रस्सा आहे, सांडू नकोस. अगं बाई! हे काय? आत आले की विहिरीत पडले?

टिल्का : मावशी, तू पण सुरू करू नकोस.

गिझेला : मी कुठे सुरू करतेय? मी म्हणते, रात्रीचं आभाळ घरात आणलंस, तर चंद्र तरी आणायचा होतास. आणि दाजी, कपाळाला काय ते? आलुबुखार?

वेंडेल : तुळई.

गिझेला : तुळई? कुठेय तुळ... टिल्के. टिल्के, तुळईवरचा खडू कुठे गेला?

टिल्का : आहे. म्हणजे रंगाखाली आहे.

गिझेला : यूस्तिनाचा खडू? तीन राजांचा?

टिल्का : मावशी, ऐक तरी...

गिझेला : दर वर्षी जानेवारीत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला, चर्चमधून आशीर्वादाचा खडू आणून, माझी बहीण स्टुलावर चढायची. लोक पुढच्या दारावर लिहितात. ती म्हणायची, "पुढच्या दाराने फक्त पाद्री येतो आणि शवपेटी जाते. माझी माणसं खालून येतात, राजांनी खालीच थांबावं." तीन राजांची तीन अक्षरं आणि साल. जुनं पुसायची नाही, शेजारी नवं लिहायची. शेवटचं लिहिलं ते आजारपणात. अक्षरं कशी, कोकराच्या पायांसारखी, उभी राहता राहता वाकलेली. ते तू रंगवलंस?

टिल्का : मी फोटो काढलाय! रंगवायच्या आधी, प्रत्येक वर्षाचा, एकूण एक. मोठा करून चौकटीत बसवायला दिलाय. त्या समोरच्या भिंतीवर लावणार आहे, वर छोटा दिवा. मी काय दगड आहे का? माझी आई होती ती!

वेंडेल : गिझे, तिला बोलू नकोस. तिने विचारलं होतं. मी म्हटलं होतं, रंगव.

टिल्का : घे! ऐक! म्हटलं होतं! मग तीन दिवस हे तोंड कशासाठी पाडलंय? फोटो आहे ना? भिंतीवर येणार आहे ना?

वेंडेल : भिंतीवर डोकं आपटत नाही माझं.

टिल्का : म्हणजे काय?

वेंडेल : काही नाही. कोबी गार होईल.

गिझेला : थांबा, दाजी. मला एक आठवलं. यूस्तिना गेल्यापासून तुम्ही तो खडू गिरवत होतात. ती लिहायची नाजूक, तुम्ही केलात बोटाएवढा जाड. मी विचारलं तर म्हणालात, तिच्यासाठी.

वेंडेल : तिच्यासाठीच.

गिझेला : आणि ईस्टरला चर्चच्या पायरीवर मला म्हणालात, "नमस्कार, फादर."

वेंडेल : तुझा कोट काळा होता.

गिझेला : माझ्या डोक्यावर फुलांचा रुमाल होता, दाजी! फादर फुलांचा रुमाल बांधतात?

टिल्का : मावशी, तुझं काय चाललंय? मला इथे निर्णय हवाय. बाबा, हे धरा. कार्ड. अजून रंग बदलता येईल, दुकान उघडं आहे, मी पुन्हा मान मोडून घेईन, माझी तक्रार नाही. फक्त एकदा, शेवटचं, नीट सांगा, कुठला हवाय. बोट ठेवा.

वेंडेल : राहू दे आता.

टिल्का : नाही. ठेवा बोट.

वेंडेल : हा.

टिल्का : हा?

वेंडेल : हा बरा आहे.

टिल्का : बाबा.

वेंडेल : काय?

टिल्का : कार्ड उलटं आहे. माझ्याकडून उलटं दिलं गेलं. ही मागची बाजू आहे. कोरी.

गिझेला : टिल्के, बस तू जरा. तो रंगाचा डबा सरकव आणि बस.

टिल्का : बाबा, तुम्हाला दिसत नाही?

वेंडेल : दिसतं.

टिल्का : बाबा!

वेंडेल : दिसतं गं. कडेकडेचं दिसतं. मधलं गेलं. जिथे बघावं तिथेच भोक पडतं, कढईच्या बुडाएवढं.

टिल्का : कधीपासून?

वेंडेल : तुझ्या आईच्या आजारपणात सुरू झालं. मला वाटलं रडण्याने झालं असेल.

टिल्का : आणि डॉक्टर?

वेंडेल : गेलो होतो. बसने. म्हणाला, मधलं जातं, कडा राहतात. पूर्ण अंधार नाही होणार म्हणाला. चांगला होता, पोरगेला.

गिझेला : गाडी दीड वर्ष दारात गंजतेय, आणि हे मला सांगत होते पेट्रोल महाग झालं!

टिल्का : नाताळच्या जेवणाआधी दर वर्षीसारखा सगळ्यांच्या कपाळावर मधाचा क्रूस काढलात, तो माझ्या भुवईवर. डोळ्यात मध गेला माझ्या. आम्ही सगळे हसलो. सिरिल म्हणाला, बाबांना ब्रँडी चढली.

वेंडेल : मीही हसलो. बरं झालं म्हटलं, ब्रँडीवर गेलं.

टिल्का : का नाही सांगितलंत? मी दर शनिवारी येते. दर शनिवारी!

वेंडेल : तुला सांगितलं असतं तर तुला सिरिलला सांगावं लागलं असतं. लपवणं तुला जमत नाही, लहानपणी बिस्किटसुद्धा लपवता यायचं नाही. आणि मग तो रविवारची वाट बघत बसला नसता. इथे मला डोळे लागत नाहीत, टिल्के. तेरा पायऱ्या. डाव्या हाताला नळ, उजव्या हाताला चूल. जाळीवर पाय पडला की गार लागतं. तुळईपाशी पांढरं काहीतरी डोळ्याच्या कडेला येतं, की वाकायचं. तिकडे त्याच्या फ्लॅटमध्ये मी आंधळा होईन. इथे मी नुसता म्हातारा आहे.

टिल्का : आणि मी तेच पांढरं रंगवलं.

वेंडेल : तुला काय ठाऊक? मी हो म्हणालो होतो.

टिल्का : कशावर हो म्हणत होतात तेही न बघता!

वेंडेल : तुझा आवाज खूश होता. त्यावर हो म्हणालो.

गिझेला : ए, रडारड पुरे. चुलीवरच्या फळीवर पत्र्याची डबी आहे बघ. यूस्तिनाची. उरलेले खडू ती त्यात ठेवायची. आशीर्वादाचा खडू कचऱ्यात टाकत नाहीत. दे तिला स्टूल, दाजी. नाही, तुम्ही नका, मीच देते, तुम्ही तेवढ्यात माझ्या पायावर ठेवाल. चढ, टिल्के. आणि काळ्यावरच खडू उठतो, तपकिरी लाकडावर काय दिसायचं? फळाच केलायस तू छताचा, आता लिही.

टिल्का : जानेवारी नाहीये, मावशी.

गिझेला : राजे उंटावरून येतात, थोडं मागेपुढे चालतं.

टिल्का : बाबा, किती जाड?

वेंडेल : बोटभर.

टिल्का : माझ्या की तुमच्या?

वेंडेल : माझ्या. आणि पहिलं अक्षर जिन्याकडून सुरू कर, ती तिथून करायची.

टिल्का : दिसतंय?

वेंडेल : थांब, जरा बाजूला बघू दे. हां. आली. आली तुळई जागेवर.

गिझेला : वाकून दाखवा.

वेंडेल : मी काय सर्कशीत आहे?

गिझेला : वाकून दाखवा, दाजी.

वेंडेल : हे घे. झालं समाधान?

टिल्का : सिरिलला काय सांगायचं, बाबा? मला नाही जमणार खोटं बोलायला. आणि आता बोलणारही नाही मी.

वेंडेल : मी सांगेन. त्या सोफ्यावर बसवीन, गिझेलाचा कोबी खायला घालीन आणि सांगेन. मग म्हणेन, माझ्यामागून चाल, दारापासून चुलीपर्यंत. तुझं कुठे डोकं आपटतं ते बघू.

टिल्का : तो सहा फूट दोन आहे.

वेंडेल : म्हणूनच.

गिझेला : हसली बाई. उतर आता खाली, सावकाश.

टिल्का : दोन वर्षं मी तुमच्यावर ओरडतेय. माझ्याकडे बघा, भिंतीकडे काय बघताय. दर वेळी. आजसुद्धा, आत्ता अर्ध्या तासापूर्वी. एकदा तरी मला गप्प करायचं होतंत.

वेंडेल : कसं सांगू तुला. मी भिंतीकडे बघतो ना, टिल्के, तेव्हाच तू मला दिसतेस.