ऑपरेशनआधीचा फोटो

निवृत्त पोस्टमन पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुडिओच्या बाकावर पेपर वाचत बसले होते. पडद्याआड फोटोग्राफर एका बाईंचा फोटो काढत होता. बोलणं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

“खांदे जरा सैल सोडा, ताई.”

“सुटत नाहीत हो. सोमवारी जबड्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ताचा फोटो आणा. नंतर चेहरा नीट करताना लागेल.”

“मग घाई नको. आधी बोलू. काम काय करता?”

“शाळेत गाणं शिकवते.”

“मुलं गातात नीट?”

“एक पोरगी आहे, सुराशी तिचं जन्माचं वैर. पण आवाज सगळ्यांच्या वर. परवा म्हणते, बाई, तुम्ही निवांत या, तोवर गाणं मी शिकवते.”

बाई खळखळून हसल्या आणि कॅमेरा वाजला.

“काढलात? माझं लक्षच नव्हतं.”

“म्हणून तर काढला. बघा.”

पोस्टमननी पेपर हळूच मिटला.

“आता न हसता, सरळ चेहऱ्याचाही काढू, ताई. डॉक्टरांना तोच लागेल.”

“काढा. पण हाही द्या. त्यांना म्हणेन, जमलं तर एवढं परत आणा.”