आधी वारा बघायचा

...नाही, हसा तुम्ही, हसा! गल्लीतले लोक मला बघितलं की बोट ओलं करून हवेत धरतात, जेवायला बसलो तर बायको म्हणते, "आधी वारा बघा, मग वाढते." तुम्हाला सांगतो, चूक माझी नाही, म्हणजे आहे, माझीच आहे, पण थोडी वाऱ्याचीही आहे.

माझं काम माहितीय ना? वसाहतीमागे सौर पॅनेलचं मैदान आहे, त्याच्या कडेला पांढऱ्या कंटेनरमध्ये बॅटऱ्या आहेत, दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायला. तिथं आग लागली तर कुणी काय करायचं, ते मी ठरवतो. आता लोकांना वाटतं आग म्हणजे ओता पाणी! पण ही आग तशी विझत नाही हो, पेटलेला कंटेनर जळू द्यायचा, शेजारचे थंड ठेवायचे आणि माणसं लांब न्यायची, कारण धूर विषारी. म्हणून मी वसाहतीच्या सभेत सांगितलं, "आधी वारा बघायचा." तर मागून एक आजोबा, "म्हणजे आमची घरं पेटणार आणि तुम्ही वारा खात बसणार?"

झालं, सभा बिथरली. "हटवा त्या बॅटऱ्या" सुरू झालं, माझी नोकरीच जायची वेळ. तेवढ्यात पुढच्या रांगेतून सासूबाई उठल्या. गुडघे गेलेत त्यांचे, उठायलाच किती वेळ लागतो... आणि घर कुंपणाला लागून, पहिला धूर त्यांच्याच खिडकीत. म्हणाल्या, "आमचे जावई शब्दाचे पक्के आहेत." सभा निवळली! मग ठरलं, ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी एकेक माणूस नेमायचा. सासूबाईंसाठी कोण? छाती पुढे काढून मीच म्हणालो, "त्यांना मी आणणार."

आणि परवा रविवारी सराव. भोंगा वाजला, मी कर्णा घेऊन चौकात, लोक शाळेच्या मैदानाकडे निघाले आणि वारा फिरला, नेमका शाळेकडे! आता मी काय करायचं? आधी वारा बघायचा! मी ओरडतोय, "मागे फिरा, शाळा नको, गोदामाकडे चला," बायका चिडल्यात, एकजण इस्त्री चालू ठेवून आलाय तो परत जातो म्हणतोय, पण नेलं हो मी सगळ्यांना, एका दमात! अग्निशमन दलाचे साहेब पाठ थोपटून म्हणाले, "वा, वारा काय अचूक हेरलात!" मी असा फुललो... फोटो काढून घेतला, बोट वर करून.

फोटोच्या कोपऱ्यात बायको आहे, माझ्याकडे बघतेय. मग जवळ आली आणि अगदी हळू विचारलं, "अहो, आई कुठंय?"

पळालो. आणि पळता पळता लक्षात आलं, वारा फिरलाय तो शाळेकडे, अन् त्या वाटेवर पहिलं घर सासूबाईंचं. दार सताड उघडं. त्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून. पायात चपला, मांडीवर औषधांची पिशवी, नाकाला ओला रुमाल, मीच शिकवलेला. शेजारचे दोघं उचलायला आले होते, तर त्यांना परत पाठवलेलं, "तुम्ही व्हा पुढे, मला न्यायला जावई येणार आहेत."

तुम्हाला सांगतो, लाज वाटली. नुसती वाटली नाही, मान वर करता येईना, मी त्यांच्या चपलांकडेच बघत उभा. "आई, चुकलो," म्हटलं. तर त्या रागावल्या का? छे. रुमाल खाली केला, "बसा, किती धाप लागलीय तुम्हाला," म्हणाल्या, वर पाणी प्या म्हणून तांब्या दाखवला.

"तुमच्यामागे व्याप किती, राहतं एखादं. फक्त एक करा जावईबापू... खरी आग लागायची असेल ना, तेव्हा आदल्या दिवशी कळवा. मी आपली हळूहळू निघेन."

आणि थट्टा नव्हती हो ती. मनापासून सांगत होत्या.