डिस्कमधली जागा खाल्ली कुणी?

आणि वर मलाच सांगतो, जागा नाही. कोण? कॉम्प्युटर. माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून मला सांगतो की डिस्क भरली आहे, जागा करा. अहो, मी आयुष्यभर गोदाम सांभाळलंय, जागा म्हणजे काय हे मला शिकवू नका. माल आला की जागा कमी होते, माल गेला की मोकळी होते, मधल्यामध्ये उंदीर खातात तो भाग वेगळा, पण उंदीरसुद्धा माल खातात, जागा खात नाहीत. इथे माल म्हणाल तर एक पुस्तक. आमच्या हिने मोठ्याने वाचलेलं, कायद्याचं, तेही अर्धवट. बाकी गोदाम रिकामं. मग मला एवढंच सांगा, जागा खाल्ली कुणी?

नाही, थांबा, आधी पुस्तकाचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस बायकोकडून कायदा कशाला वाचून घेतो, घरात बायकोचे कायदे काय कमी असतात. तसं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. तिला जन्मापासून दिसत नाही, आणि ती वकिलीच्या परीक्षेला बसलेली. आम्ही तिला वकीलसाहेबच म्हणतो. बाकीची पुस्तकं तिला ऐकायला मिळाली, पण करारांवरचं हे एक जुनं, जाडजूड, बारीक टायपातलं, ते कुठे मिळेना. मशीनकडून वाचून घ्यावं तर पानं इतकी पुसट की मशीन 'करार'ला 'कटार' वाचायचं. म्हणजे दोन्ही पक्षांमध्ये कटार झाली... कायदा कुठल्या कुठे गेला. तेव्हा आमची ही म्हणाली, मी वाचते.

आता ही शाळेत शिकवायची. मागच्या बाकावरच्या पोरांना ऐकू जावं म्हणून वर्षानुवर्षं आवाज चढवून तिच्या घशात गाठी झालेल्या. घशाचे डॉक्टर म्हणाले, सोमवारी काढून टाकू, तोवर दिवसाला अर्धा तास बोला, त्यावर एक शब्द नाही. आणि गाठी काढल्यावर आवाज पहिल्यासारखा येईल ना, असं मी विचारलं तर म्हणाले, "बहुतेक." डॉक्टरचं 'बहुतेक' कसं असतं तुम्हाला माहीत आहे. एकदा ऐकलं की घरापर्यंत बरोबर येतं. मी तेच घेऊन चालत होतो, आणि हिने रस्त्यात मला काय विचारावं? "अर्धा तास रोज धरला तर पुस्तकाची राहिलेली प्रकरणं पुरी होतील ना हो?"

झालं. दिवसाचा अर्धा तास, तो सगळा करारांना. नवऱ्याला काय? खुणा. कपाळाला दोन बोटं लावली म्हणून मी धावत जाऊन बाम आणला, तर तिला चष्मा हवा होता. हात हलवला म्हणून पंखा लावला, तर ती मला खोलीबाहेर जायला सांगत होती. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांच्या संसारात हिच्या मनातलं मला न सांगता कळतं, असा माझा समज होता. तो त्या आठवड्यात गेला.

रेकॉर्डिंग कसं चालायचं बघा. आतली खोली, खिडकीला गादी लावलेली, दाराखाली टॉवेल, फ्रिज बंद, कारण तो मध्येच घोरतो. ही माइकसमोर, मी कॉम्प्युटरसमोर, माझं काम एक बटण दाबणं आणि श्वास बेताने घेणं. शनिवारी सकाळी शेवटून दुसरं प्रकरण चालू. रंगात आली होती ही. "पक्षकाराने संमती दिली असली, तरी ती संमती जर..." आणि लाल पट्टी. डिस्क भरली. रेकॉर्डिंग बंद. ती संमती जर काय, ते मला त्या क्षणी कळलं नाही, आणि हिने पुढची दोन पानं वाचून होईपर्यंत मला सांगायचंही सुचलं नाही. म्हणजे हिचा त्या दिवसाचा आवाज संपला, आणि आत काहीच उतरलेलं नाही.

हिने माझ्याकडे बघितलं. त्याला खूण लागत नाही, ते मला कळलं.

आमच्या मुलीला फोन केला. मुलगी ऑफिसात, मीटिंगमध्ये, टेबलाखाली वाकून बोलत असावी, कारण आवाज असा, "बाबा... रिस्टोअर पॉइंट असतील..."

मी म्हटलं, "कुठला जॉइंट?"

"पॉइंट, बाबा. कॉम्प्युटर मधूनमधून स्वतःची आठवण साठवून ठेवतो... बिघडला तर मागच्या चांगल्या दिवशी परत जाता यावं म्हणून... त्या आठवणी जागा खातात. मी नंतर करते फोन. तोवर कशाला हात लावू नका."

घ्या. बायकोला बोलायची बंदी, मुलगी कुजबुजते, आणि कॉम्प्युटर आठवणी काढत बसलेला. मागच्या चांगल्या दिवशी परत जायचं, म्हणे. अहो, मला कुणी अशी सोय दिली तर कुठला दिवस ते ठरवण्यातच माझा आठवडा जाईल. याला कुणी सांगितलं होतं? आणि चांगला दिवस हा आपला आपण ठरवतो, मला न विचारता? बरं, आठवणच ती, आठवणीला जागा किती लागते? मला साठ वर्षांचं आठवतंय, डोकं आहे तेवढंच आहे. मग मला एवढंच सांगा, जागा खाल्ली कुणी?

आता मुलीने सांगितलं होतं हात लावू नका. मी लावला नसता. पण हिचा धाकटा भाऊ आला. त्याला आम्ही घरात सर्वज्ञ म्हणतो, त्याच्या मागे, आणि त्याला ते माहीत आहे, सगळंच माहीत असतं त्याला. कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यानेच तो लावून दिला होता. आणि घरातला आवाज चालू असलेला तो एकटाच, त्यामुळे साहजिकच त्याचंच ऐकू येत होतं.

"रिस्टोअर पॉइंट ना? हात्तिच्या. उडवून टाकू. सरका दाजी."

सरकलो. त्याने कुठे कुठे दाबत एक चौकट उघडली. तिच्यात वर एक बटण, सिस्टिम रिस्टोअर, आणि खाली एक, कॉन्फिगर. मी म्हटलं, "खालचं काय आहे?" तो म्हणाला, "दाजी, मुख्य बटण नेहमी वर असतं." दाबलं. तारखा आल्या. तो म्हणाला, "सगळ्यात जुनी निवडा, जुनी गेली की जागा मोकळी." गोदामात काम केलेल्या माणसाला हे पटलं हो. जुना माल आधी काढावा, हा तर नियमच आहे. निवडली. मग कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? सर्वज्ञ म्हणाला, नक्की. पुन्हा विचारलं, एकदा सुरू झालं की थांबवता येणार नाही, नक्की? मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कचरा फेकताना कुणी दोनदा विचारतं का?

पडदा काळा झाला. गोल गोल काहीतरी फिरायला लागलं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. सर्वज्ञ मध्येच म्हणाला, "बघा, कसा साफ करतोय."

साफच केलं. कॉम्प्युटर उघडला, आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅमच नाही. कारण आम्ही जुनी तारीख काढली नव्हती, त्या तारखेला परत गेलो होतो. आणि त्या तारखेला हा प्रोग्रॅम आमच्या घरी आलेलाच नव्हता. प्रकरणं होती सगळी, तुम्हाला सांगतो, नावानिशी होती, पण नुसते पांढरे कोरे कागद दिसत होते. दाबलं की विचारायचा, हे कशाने उघडू? आता हे मी तुला विचारायचं की तू मला?

म्हणजे जागा हवी म्हणून गेलो, जागा तेवढीच लाल, आणि होता तो आवाज कुलपात. सोमवारी ऑपरेशन. मला डॉक्टरचं ते 'बहुतेक' आठवलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला परीक्षाबिरीक्षा काही आठवलं नाही. मला वाटलं, हिचा आवाज आता एवढाच आहे, या कागदांमध्ये, आणि तो मी घालवला.

तेवढ्यात ही आत आली. सर्वज्ञ बोलला. "ताई, काळजी करू नकोस, आता सगळे पॉइंट एकदम पुसतो, मग प्रोग्रॅम नवा टाकू." आणि यावेळी त्याने खालचं बटण दाबलं. चौकट आली, तिच्यात डिलीट लिहिलेलं, आणि त्यावर तो बोट ठेवणार...

"थांब."

ही बोलली. दिवसाचा अर्धा तास संपल्यानंतर. खरखरीत, फाटका आवाज, पण शाळेतला. मागच्या बाकावरचा सर्वज्ञ जागच्या जागी थांबला. मीसुद्धा उभा राहिलो, का ते माहीत नाही.

हिने चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवलं. डिलीटच्या शेजारी बारीक अक्षरात एक ओळ होती. आता करारांचं पुस्तक वाचून वाचून हिला एक सवय लागलेली, बारीक अक्षर आधी वाचायचं. आम्ही दोघांनी ठळक तेवढंच वाचलेलं. ओळीचा अर्थ असा की, हे पुसलंत तर नको असलेले बदल परत फिरवता येणार नाहीत. हिने हाताने खूण केली, पुढे आणि मागे, पुढे आणि मागे. मी म्हटलं, "पंखा?" हिने कपाळाला हात लावला. यावेळी मी बाम आणायला गेलो नाही, एवढी सुधारणा झाली होती.

मुलीचा फोन आला, मीटिंग संपलेली, आवाज पूर्ण.

"बाबा, काय केलंत?"

"मागच्या चांगल्या दिवशी आलोय."

"कुणी सांगितलं होतं? बरं, पुढचं काही पुसलंत का?"

"नाही. आईने थांबवलं."

"आई बोलली?" मुलगी म्हणाली, "बरं झालं. ऐका, मागे जायच्या आधी तो एक नवा पॉइंट करून ठेवतो, आत्ताच्या दिवसाचा. तेच वरचं बटण दाबा, तिथे अंडू म्हणून असेल. केलेलं न केल्यासारखं होईल."

आता माझं डोकं बघा. म्हणजे ज्या आठवणींनी जागा खाल्ली म्हणून त्यांना हाकलायला निघालो, त्यांच्यातलीच एक आमच्यासाठी दार धरून उभी होती? ती पुसली असती तर संपलं होतं? मग त्या चांगल्या की वाईट? मुलगी म्हणाली, "बाबा, समजून नंतर घ्या, आधी दाबा." दाबलं. पुन्हा काळा पडदा, पुन्हा ते गोल गोल. सर्वज्ञ यावेळी काही म्हणाला नाही. कॉम्प्युटर उघडला, प्रोग्रॅम परत, आणि पहिलं प्रकरण लावलं तर हिचा आवाज. "करार म्हणजे काय, हे आपण प्रथम पाहू." ही शेजारी उभी राहून स्वतःलाच ऐकत होती. मी कॉम्प्युटरकडेच बघत राहिलो. तिच्याकडे बघितलं असतं तर जमलं नसतं.

मग मुलगी म्हणाली, आता कॉन्फिगर दाबा. तिथे एक पट्टी असते, या आठवणींना जास्तीत जास्त किती जागा द्यायची ते ठरवायची. थोडी द्यावी, म्हणजे नवी आली की सगळ्यात जुनी आपोआप जाते.

"पट्टी कुठे आहे, बाबा? डावीकडे असेल."

मी म्हटलं, "नाही, पार उजवीकडे टेकलीय."

"पार उजवीकडे? म्हणजे सगळी डिस्क त्यांनाच? ही कुणी सरकवली?"

मी सर्वज्ञाकडे बघितलं. सर्वज्ञ पंख्याकडे बघत होता. म्हणाला, "सुरक्षिततेत कसर नको, म्हणून लावून देताना..." आणि पंख्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुढचं बोलला. पट्टी डावीकडे आणली. लाल गेलं, निळं आलं. जागाच जागा. जुन्या आठवणी गेल्या, ताज्या तेवढ्या राहिल्या, आणि कुणालाही हातात झाडू धरावा लागला नाही.

रविवारी ही शेवटची दोन्ही प्रकरणं वाचायला बसली. अर्धा तास झाला, मी हाताने खूण केली, पुरे. तिने बघितलं आणि पान उलटलं. मी माइक बंद करू शकलो असतो. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. नाही केला बंद. शेवटच्या पानाला आवाज इतका चिरत होता की एकेक शब्द ती उचलून ठेवत होती. आणि हो, ती संमती जर दबावाखाली दिलेली असेल, तर तो करार मोडता येतो. कळलं एकदाचं.

ऑपरेशन झालं. नंतर कितीतरी दिवस संपूर्ण मौन, अर्धा तासही नाही. वकीलसाहेब पास झाल्या, स्वतः खाली येऊन सांगून गेल्या, हिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या, दोघी न बोलता. पण मला आतून पोखरत होतं ते वेगळंच. पट्टी उजवीकडे होती, मान्य. पण म्हणून जागा गेली म्हणजे नेमकी कशी गेली? आठवण जर कालची आणि आजची जवळजवळ सारखीच, तर दोन कशाला ठेवायच्या? हे मी मुलीला विचारलं, ती म्हणाली मीटिंग आहे. सर्वज्ञाला विचारलं, तो तेव्हापासून आमच्याकडे आला की फक्त चहा पितो. मग मला एवढंच सांगा, जागा खाल्ली कुणी, हे मी विचारायचं तरी कुणाला?

म्हटलं, हिला विचारू. डॉक्टरांनी परवा घशात बघितलं, म्हणाले, उत्तम, आता बोला, हवं तेवढं बोला. घरी आलो. समोर बसलो. इतक्या दिवसांनी ही माझ्याशी बोलणार, काय बोलेल? आवाज जरा जाड झालाय, पण गोड आहे हो. ही म्हणाली, "अहो." मी म्हटलं, "बोल." ही म्हणाली, "मला सगळं नीट समजलंय. तो कॉम्प्युटर आता मी बघेन. आणि या विषयावर घरात पुन्हा एक शब्द काढायचा नाही."

म्हणून तुम्हाला गाठलं. काय करणार, ऑपरेशन तिच्या घशाचं झालं आणि बोलती माझी बंद झाली.